ग्राफिक्स कार्डातली सतरा पानं

गल्लीतले लोक त्याला खटपट्या म्हणायचे, आणि उगाच नाही. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, पण धडधाकट यंत्रालाही हा सुखाने बसू द्यायचा नाही. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मेली, तर पठ्ठ्याने एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत बसवली. जी मेमरी चित्रं दाखवायची, तिच्यात अख्खं बिऱ्हाड! ते मावावं म्हणून पेनड्राइव्ह, प्रिंटर, इंटरनेट, सगळ्यांची सोय काढून टाकली. मग भेटेल त्याला तेच सांगत सुटला.

घरात मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. वीज तुटली की त्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं. कॉम्प्युटरवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली, की झालं याचं काम.

अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांना नीट बोलता येत नव्हतं. दुपारी ते त्या कॉम्प्युटरपुढे बसत आणि एका बोटाने टाइप करत. याला वाटायचं, वेळ घालवतायत. एके दुपारी वीज गेली, यूपीएस बोंबलायला लागला आणि बायको म्हणाली, "अहो, बाबांचं लिहिलेलं सेव्ह आहे ना? दोन महिने लिहितायत, लहानपणापासूनचं सगळं."

खटपट्या कॉम्प्युटरकडे धावला. यूपीएस चालणार फार तर आठ मिनिटं. त्याने पेनड्राइव्ह खुपसला. कॉम्प्युटर ढिम्म. ती वाट यानेच आपल्या हाताने बुजवली होती!

"मीच माती खाल्ली," तो कपाळ बडवायला लागला.

"डोकं नंतर आपटा," बायकोने त्याच्या हातात मोबाइल कोंबला. "पडद्याचे फोटो काढा!"

इतकी साधी गोष्ट, आणि या शहाण्याला सुचू नये! वडील एका बोटाने पान सरकवत, हा फोटो काढी. सहा. नऊ. यूपीएसची पिपाणी आता थांबेचना. चौदा. "बाबा, भराभर!" सोळा. सतरावं, शेवटचं पान वर आलं, त्यात त्याला स्वतःचं नाव दिसलं, आणि फोटो निघायच्या आत पडदा काळा झाला.

त्याने मोबाइल टेबलावर टाकला. "बाबा, माझं चुकलं हो," म्हणत रडायलाच लागला.

"तुझं पान... होतं ते," वडील म्हणाले. झटक्यापासून ते चार शब्दांपलीकडे गेले नव्हते, लाज वाटायची त्यांना. त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. "बस. सांगतो."

एकेका शब्दाला त्यांना घाम फुटत होता. अर्धे शब्द कळत नव्हते, तरी खटपट्या मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला. मध्येच वीज आली. कॉम्प्युटर लावायला कोणी उठलं नाही.