फॉक्सप्रोनंतर काय?

आमगावच्या राईस मिलमध्ये काट्यावर मी बसते. धानाचं वजन करायचं अन् कॉम्प्युटरमध्ये चढवायचं. तो प्रोग्राम गुलाबकाका रामटेक्यांनी लिहिलेला, फॉक्सप्रो नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत, पंचवीस वर्षांपूर्वी. काकांना कॉलेज नाही, क्लास नाही. दिवसा इथेच हमाली आणि संध्याकाळी गोंदियाहून आणलेलं एक जुनं पुस्तक. कॉम्प्युटर हे शिकलेल्यांचं काम, असं कोणी माझ्यासमोर म्हणून तर बघा!

आमच्याकडे शेतकरी घरच्या खाण्याचा धान आणतो, आणि त्याला आपल्याच शेतातला तांदूळ परत पाहिजे. दुसऱ्याचा कितीही चांगला द्या, घेत नाही. कोणाची पोती कोणत्या थप्पीत, हे काकांचा प्रोग्राम सांगायचा. कधी चुकला नाही.

यंदा तो जुना कॉम्प्युटर दमला. नव्यावर फॉक्सप्रो चालेना. शेठ म्हणाले, "गुलाब, दिवाळीनंतर नवा धान येईल. त्याच्या आधी काय ते ठरव."

काकांनी नव्या प्रोग्रामचे दोन नमुने बनवले. एक फॉक्सप्रोच्याच वळणाचा, पण नव्या कॉम्प्युटरवर चालणारा. त्यात जुनाच प्रोग्राम थोडा बदलून बसवलेला. काका त्यात डोळे मिटून काम करत. दुसरा पायथन या आजच्या भाषेत, पहिल्यापासून नव्यानं लिहिलेला. पायथन ते मोबाईलवर बघून बघून शिकत होते, आणि ओळीओळीला अडत होते. मला वाटलं, ठरलंच की! पहिलाच घेणार.

मी मागच्या वर्षीच्या नोंदी घालून पाहिल्या, तर आमच्या नेहमीच्या शेतकरीण सुखवंताबाई बिसेन गायब! त्यांचा बारीक, सुवासिक चिन्नोर धान दिराच्या, लक्ष्मीचंदच्या जाड्या धानात जाऊन बसलेला. दोन्ही नमुन्यांत तेच. काकांनी यंदा नव्यानंच माणूस ओळखायला मोबाईल नंबर धरला होता, आणि आमच्याकडे तर अख्खं घर एकच नंबर देतं.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"चुकलंच." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तूच दुरुस्त कर. दोन्हीत."

"मी? बारावी नापास आहो मी!"

"मी बाजूले बसून रायतो. हात नाही लावत."

पहिल्यात दोन दिवस डोकं आपटलं. त्यात सगळीकडे काकांनी पंचवीस वर्षांत स्वतःच ठरवलेल्या खुणा. त्यांना पाठ, मला परक्या. रडकुंडीला आले. पायथनची मात्र साध्या इंग्रजीसारखी एकेक ओळ वाचत गेले, आणि नंबरच्या जागी नाव, गाव आणि बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव टाकलं. चालवलं. सुखवंताबाई वेगळ्या, लक्ष्मीचंद वेगळे! मी अशी ओरडले की हमाल धावत आले.

"मंग पायथनच," म्हणत काका उठले.

खरं सांगते, मला रागच आला. "काऊन? तुमाले तं त्यात धड येत नाही! मंग तुमाले कोन इचारन इथं?"

"नाही इचारन. बरंच हाये."

"बरं कायले?"

"पोरी, सारं मी माह्याच डोक्यात ठेवलं, थेच चुकलं. उद्या मी नसलो, तं सुखवंताबाईचा चिन्नोर कोन शोधन?"

शेठपुढे जाऊन ते म्हणाले, "पायथन. अन् सांभाळन अल्का."

"हिला येईल?"

"आलं तिले."

मी तोंडाला ओढणी लावून रडले. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या घरच्यांनीही कधी टाकला नव्हता. काका मात्र परत माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले, चष्मा पुसला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आता रडणं बंद कर. हे ओळ तू कशी लिवली, थे सांग मले. मले अजून नाही समजली."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.