पातळ थर

"पाण्याची मनधरणी करावी लागते, त्याला दरडावून चालत नाही," असं भिंगरी येताजाता म्हणायची. म्हणताना तिचे स्वतःचे पाय मात्र जागेवर नसायचे. घरी जेवायचीसुद्धा उभ्यानं. नवरा म्हणायचा, "हिला बसवायचं तर खिळे ठोकावे लागतील." आणि अशा बाईच्या वाट्याला काम आलं होतं ते जगातलं सगळ्यात संथ. बर्फाचं मैदान गोठवायचं.

मैदान म्हणजे बंदिस्त शेडमधली लांबरुंद फरशी. तळाशी जाड फोम, त्यावर पाइपांची रांगच रांग, त्यावर काँक्रीट. पाइपांतून गारेगार खारं पाणी खेळवायचं काम तिच्या दिराचं, कंप्रेसर त्याच्या ताब्यात. फरशी गारठली की भिंगरी फवारा घेऊन निघायची. एक थर धुक्यासारखा मारायचा, तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, आणि पुन्हा पाणी. प्रत्येक थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा.

आज मैदान उघडणार होतं. पहिली उतरणार होती तिची लेक. गेल्या वर्षी दुसऱ्या मैदानावर बर्फ खचला आणि पोरीचं मनगट मोडलं. तेव्हापासून तिचे बर्फावर घसरायचे पात्यांचे बूट माळ्यावर पडले होते. "तू केलेला बर्फ असेल तरच उतरेन," असं ती म्हणाली, आणि भिंगरीच्या जिवाला घोर लागला.

दुपारी ती काठीनं ठोकत मैदानभर फिरली. टक, टक, टक. दूरच्या कोपऱ्यात आवाज बदलला. टप.

तिनं तिथंच पुन्हा ठोकलं. टप. सकाळी तिला धीर निघाला नव्हता. इथं शेवटी तिनं फवाऱ्याऐवजी नळीच सोडली होती. वर पापडी धरली, आत पोकळ राहिलं.

"भावजी, हा कोपरा फोडायचा."

"वहिनी, पाहुणे दारात आलेत! बघा की, आरशासारखा दिसतोय. फार तर तिथं कुंडी ठेवू एखादी."

"आणि पोरगी घसरत कुंडीत जाऊन बसली, तर पाणी तुम्ही घालणार?"

तेवढ्यात लेक आली, बूट गळ्यात अडकवून. भिंगरीला गप्प बसता आलं असतं.

"तो कोपरा कच्चा आहे," ती म्हणाली. "घाई मी केली."

लेकीचा चेहरा उतरला. ती मागे सरून बाकावर बसली.

भिंगरीनं सगळ्यांसमोर पापडी फोडली, खरवडून काढली आणि फवारा धरला. पाहुणे जांभया देऊ लागले. मैदानाचा मालक दिराकडे डोळे वटारून बघत होता, दीर छताकडे. थर मारून झाला की भिंगरी त्याच्या कडेला उकिडवी बसायची, तो गोठेपर्यंत हलायची नाही. आई अशी बसलेली लेकीनं जन्मात पाहिली नव्हती. ती बाकावरून उठून कठड्याशी आली.

"झालं?"

"तूच ठोकून बघ."

लेकीनं काठी घेतली. टक. पुन्हा ठोकलं, जोरात. टक. मग ती खाली बसून नाड्या आवळू लागली.

तिचा पाय बर्फावर पडला आणि भिंगरीला तिथं उभं राहवेना. कंप्रेसर बघून येते, असं काहीतरी पुटपुटत ती तरातरा निघाली. कठड्यावरचा हात सोडून लेक कोपऱ्यातल्या नव्या बर्फावर उभी राहिली, आणि आईची पाठ दाराआड जाईपर्यंत बघत राहिली.