पहिलं पिस्तूल घेण्याआधी

जासईच्या एका कंटेनर यार्डात मी क्रेन चालवतो. चार मजली घराइतक्या उंचीवर काचेची केबिन, पायाखालीही काच, आणि त्या काचेतून खाली दिसणारा चाळीस फुटी डबा. तो ट्रेलरच्या चारही खाचांत एकदम बसवायचा. हे काम सतरा वर्षं केल्यामुळे मला माझ्या हातांचा थोडा गर्वच होता.

त्रेचाळिसाव्या वर्षी भाचीला नवीन पनवेलच्या शूटिंग रेंजवर नाव घालायला घेऊन गेलो. रेंज म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा लांबट हॉल, दहा मीटरवर सहा टार्गेटं. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. मला बाकावर बसलेलं बघून म्हणाल्या, "नुसते बसून काय करता? पाच छर्रे मारून बघा." पाचातले तीन नऊच्या रिंगणात गेले.

"काय काम करता?"

"क्रेन चालवतो."

"तरीच," त्या म्हणाल्या.

भाची दोन महिन्यांत कंटाळली. मी मात्र दर रविवारी जात राहिलो. वर्षभराने मॅडम म्हणाल्या, "क्लबचं पिस्तूल दहा जणांच्या हातातून जातं. आता स्वतःचं घ्या. जिल्ह्याच्या स्पर्धेला तीन महिने आहेत." हवेच्या दाबावर चालणारं हे पिस्तूल, त्याला लायसन्स लागत नाही. पण पहिलं पिस्तूल एकदाच घ्यायचं, तेव्हा घाई करायची नाही असं ठरलं. विक्रेत्याने तीन पिस्तुलं क्लबवर पाठवली. एकेक रविवार एकेक वापरून बघायचं होतं.

पहिलं इटालियन होतं, हलकं. नळीचं टोक एका जागी थांबेना. मी म्हणालो, "फारच हलकं आहे, मॅडम. धरल्यासारखं वाटत नाही." पुढच्या रविवारी जर्मन घेतलं. ते नळीच्या टोकाकडे जड होतं. विसाव्या छर्‍यानंतर खांदा भरून आला. "याचं वजन जास्त आहे," मी म्हणालो. तिसरं ऑस्ट्रियन. त्याची लाकडी मूठ मला मोठी पडत होती. मग दोष मुठीवर गेला. तिन्ही रविवारचे गुण क्लबच्या जुन्या पिस्तुलापेक्षा कमी होते. मॅडम ऐकून घेत होत्या.

तिसऱ्या रविवारी हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी नळीखाली एक छोटा सेन्सर बसवला. नळी जिथे रोखलेली असते तिथे लॅपटॉपवर रेघ उमटत जाते. मी हात उचलला, दहा सेकंद धरला. पडद्यावर करवतीचे दाते काढल्यासारखी बारीक, घाईची रेघ उमटली. त्यांनी क्लबचं जुनं पिस्तूल हातात दिलं. तसेच दाते. मग मी नवा असताना अशीच घेतलेली माझी वर्षापूर्वीची रेघ त्यांनी शोधून शेजारी लावली. ती सावकाश, गोलसर वळणं घेत मध्याकडे आली होती.

"पिस्तूल ठेवा. हात पुढे करा, बोटं पसरा."

त्यांनी माझ्या बोटांवर कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. पंखा बंद होता.

"हे पिस्तुलाचं नाही," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवा. निवडायचं नंतर बघू."

"सकाळपासून चार चहा झालेत," मी म्हणालो आणि बॅग उचलून निघालो. गव्हाण फाट्यापर्यंत मोटरसायकलचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना रग लागली. माझ्या थोरल्या काकांचे हात असेच थरथरायला लागले होते. पाच वर्षांनी त्यांना घास भरवावा लागत होता. घरी मी कुणाला काही बोललो नाही.

सोमवारी पहिली पाळी. अकराच्या सुमारास एक ट्रेलर खाली येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने लांब उभं राहायचं असतं, पण हा चाकाशीच उभा राहून मोबाईल बघत होता. मी डबा खाली सोडत आणला. दोन फूट राहिले तेव्हा डबा डावीकडे हलला. लिव्हर माझ्या उजव्या हातात होता. वर उचलला, पुन्हा आणला, पुन्हा हलला. ड्रायव्हरने मान वर केली. त्या काचेतून त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर वीस टनांचा डबा. भोंगा वाजवून मी त्याला मागे सरकवलं. तिसऱ्या खेपेला डबा बसला. मी लिव्हर सोडला, वायरलेसवर "खाली येतोय" एवढंच सांगितलं आणि शिडी उतरलो. उतरताना पहिल्यांदाच पाय कुठे पडतोय ते बघत होतो.

पाळीच्या साहेबांनी मला आत घेऊन दार लावलं.

"प्यायलायस?"

"नाही, साहेब. हात थरथरतोय. तपासून होईपर्यंत मला वर पाठवू नका."

"सतरा वर्षं झाली तुला. चार दिवस सुट्टी टाक, बरं वाटलं की ये. लेखी गेलं तर मेडिकल लागेल. त्यात उडालास तर क्रेन गेली समज."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मला डोळ्यांसमोर तो वर वळलेला चेहरा दिसत होता. "लेखीच घ्या," मी म्हणालो. त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग लिहिलं. उरलेली पाळी मी गेटवर डब्यांच्या दारांवरच्या सीलचे नंबर तपासत काढली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दोन महिने मी तुमाला अर्धाच कप चहा देते. सांडू नये म्हनून. तुमच्या ध्यानातच नाय आला?"

मी ओट्यावरच्या कपाकडे बघितलं.

"पँट सैल झाली. पंख्याखाली बसून घाम येतो. पोरांवर उगाच ओरडता. माना वाटला, त्या बंदुकीच्या नादानं जेवनावर लक्ष नाय." ती थांबली. "उद्या डॉक्टरकडं जायचा. मी येते संगं."

पनवेलच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, गळा चाचपला, डोळे बघितले. त्यांनीही बोटांवर कागद ठेवला. रक्त घेतलं, रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. ते दोन दिवस मी हात खिशात घालूनच वावरलो. जेवताना बायको समोर बसत नसे. मला अवघडायला नको म्हणून ती ओट्याशीच उभी राहून जेवायची.

"थायरॉइड वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "त्याचीच थरथर आहे."

"कंपवात नाही?"

"नाही हो. गोळ्यांनी आटोक्यात येईल. वेळ लागेल."

बायकोने माझा हात धरला तो दवाखान्याच्या बाहेर येईपर्यंत सोडला नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, रस्त्यात ती कधी असा हात धरत नसे.

गोळ्या दोन होत्या. एक थायरॉइडची, तिचा गुण हळूहळू येणार होता. दुसरी धडधड आणि थरथर थांबवायची. दुसरीने चार दिवसांत हात दगडासारखा झाला. रविवारी मी जवळजवळ धावतच रेंजवर गेलो. सेन्सर लावला, जर्मन पिस्तूल उचललं. नऊ, दहा, दहा. रेघ वर्षापूर्वीपेक्षाही सुंदर होती. "हेच घेतो" हे शब्द जिभेवर आले होते.

"कुठली गोळी चालू आहे?" मॅडमनी विचारलं. मी गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. त्यांनी मागचं नाव दोनदा वाचलं.

"हिला नेमबाजीत बंदी आहे. हात स्थिर करते म्हणूनच. स्पर्धेच्या दिवशीच नाही, एरवीसुद्धा."

"मी चोरून घेत नाही. डॉक्टरांनी दिलीय."

"तर घ्याच. स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. पण ती चालू आहे तोवर तुमचं नाव मी पाठवणार नाही."

"जिल्ह्याच्या स्पर्धेत कोण तपासतंय, मॅडम?"

त्यांनी पाकीट परत दिलं. बोललो त्याची मला तेव्हाच लाज वाटली. जर्मन पिस्तूल पेटीत ठेवलं. ते चांगलं होतं, पण ते माझ्या हाताला जमतंय की गोळीला, हे मला कळायला मार्ग नव्हता. तिन्ही पेट्या विक्रेत्याकडे परत गेल्या. जिल्ह्याची स्पर्धा झाली तेव्हा मी गेटवर सील तपासत होतो. कधी तरी क्रेनवर परत जाईन की नाही हेही तेव्हा माहीत नव्हतं. वर बघायचं मी टाळत असे.

दुसरी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत तिसऱ्या महिन्यात थांबवली. ज्या सकाळी ती पहिल्यांदा घेतली नाही, त्या सकाळी बायकोने काठोकाठ भरलेला कप पुढे ठेवला आणि बाजूला न जाता बघत उभी राहिली. मी उचलला. बशीत थेंबही पडला नाही. त्यानंतर कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. आठवडाभर एक जुना ऑपरेटर माझ्यामागे केबिनमध्ये उभा राहिला, आणि मग मी पुन्हा एकटा वर जायला लागलो.

पिस्तुलं परत मागवली. यावेळी मॅडमनी टार्गेटच लावलं नाही, नुसता पांढरा कागद. "डोळे मिटा. हात उचला. आता उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत कुठे आहे?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण. मुठीची बैठक हाताला जमत असेल तर न बघता उचललं तरी माशी खाचेत मधोमध येते. इटालियनची डावीकडे जात होती. जर्मनची प्रत्येक वेळी खाली. ऑस्ट्रियनला यावेळी एक नंबर लहान मूठ आली होती. दहापैकी आठ वेळा माशी बरोबर मध्ये बसली. गुण न मोजताच मी ते घेतलं. अंगठ्याच्या बुडाशी मूठ किंचित टोचत होती, तिथे मॅडमनी कानसीने दोन हात मारून दिले.

पुढच्या जिल्हा स्पर्धेला बायको बरोबर आली. पहिल्या छर्‍याला हात उचलला आणि थरथर जाणवली. छर्रा सातात गेला. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं. शेजारच्या लेनवरची मुलगी पाण्याची बाटली उघडत होती, तिच्याही बोटांना झाकण सापडत नव्हतं. ही भीती होती, आजार नव्हता. तो फरक मला त्या क्षणी कळला आणि मी पुन्हा पिस्तूल उचललं.

साठ छर्रे झाले. पाचशे बावीस गुण, एकोणिसावा नंबर. बायको मागच्या खुर्चीवरून उठली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"एवढा हलू खेलतात?" ती म्हणाली. "मी तवापासून नीट श्वास पन नाय घेतला."