आखितीचा आंबा आणि हनुवटीवरची पुळी

मुलांनो, आढी म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. झाडावरून उतरवलेले कच्चे आंबे गवतात थर देऊन रचायचे आणि झाकून ठेवायचे. ते आपोआप पिकतात. केजच्या आपल्या घरी आढी मधल्या खोलीत घालतात आणि त्या खोलीची किल्ली माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या कमरेला असते. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा कोणी खायचा नाही, हा त्यांचा कायदा.

यंदा त्यांनी आणखी एक कायदा काढला. त्यांच्या नातीच्या, म्हणजे तुमच्या चुलत बहिणीच्या तोंडावर पुळ्या उठल्या होत्या. म्हणून तिला अख्खा हंगाम आंबा बंद.

"आंबा लई गरम," जाऊबाई म्हणाल्या. "तोंड बघ, फोडणी उडाल्यावानी झालंय."

पोर जूनमध्ये होस्टेलला जाणार. घरभर आढीचा वास सुटलेला आणि ही त्या बंद दाराला टेकून अभ्यास करायची. मला म्हणाली, "धाकट्या आजी, तुमी इंग्लिश शिकलात ना? मग समजवा की हिला."

"तुझ्या आजीला समजवायला इंग्रजी पुरत नाही," मी म्हटलं. "डॉक्टर लागतो."

आखितीच्या आधल्या आठवड्यात आम्ही तिघी जीपने बीडला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"पुळ्या कधीपासून आहेत?" त्यांनी विचारलं.

उत्तर जाऊबाईंनीच दिलं. "संक्रांतीपासून. हळदीकुंकवाच्या फोटोत बी हायत. आंब्याची उष्णता, दुसरं काय."

"बरं. आणि आंबे कधीपासून खातेय?"

जाऊबाई ताठ बसल्या. "आमच्या घरात आखितीच्या आधी आंब्याला कोणी तोंड लावत न्हाई. इचारा कुणाला बी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि संक्रांतीपासून आखितीपर्यंतचे महिने बोटांवर मोजले. नात छताकडे बघायला लागली. जाऊबाईंचा हात हळूच कमरेच्या किल्लीवर गेला. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले.

मग डॉक्टरबाईंनी समजावलं. वयात येताना हार्मोन वाढतात. पुरुषांचं म्हणतात ते हार्मोनही बायकांच्या अंगात थोडं असतंच. त्याने त्वचेखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात आणि पुळी येते. पाळीच्या आधीच्या दिवसांत जास्त. पाळी फार पुढेमागे होत असेल तर तपासणी करायची. हिची वेळेवर होती. रात्री लावायला मलम दिलं, फरक पडायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. पुळ्या फोडायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, गोरं करणारी क्रीम तर मुळीच नाही. सारखं गोड खाल्लं तर काहींना त्रास वाढतो, पण आंबा गरम म्हणून पुळ्या येतात, असं काही नाही.

मी माझी हनुवटी पुढे केली. तिथे एक लालबुंद पुळी होती. "आणि ही? या वयात?"

"पाळी गेल्यावरही हार्मोन बदलतात, आजी."

जाऊबाई लगेच म्हणाल्या, "मग हिचाबी आंबा बंद करा." आणि मग खुर्ची पुढे ओढून, आवाज अगदी बारीक करून, "मला हितं दाढीचे दोन केस येत्यात. ते बी तेच का?"

"बहुतेक तेच."

परतीच्या जीपमध्ये आम्ही तिघी पोट दुखेपर्यंत हसलो. जीप बंद पडली, तर जाऊबाई म्हणाल्या, "हिचे हार्मोन बिघडले." ड्रायव्हर गोंधळून इंजिनात तेल बघायला लागला, तेव्हा नात म्हणाली, "बघा, तेलाचाच प्रश्न हाय." जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईला काही कळलं नाही, तरी तीही हसत होती.

आखितीला नैवेद्य झाला. आम्ही सगळे पाटावर बसलो आणि जाऊबाई आढीकडे गेल्या. घरातला पहिला आंबा नेहमी थोरल्या मुलाला मिळतो. यंदा त्या त्याच्या ताटावरून पुढे गेल्या आणि आंबा नातीच्या हातात ठेवला.

"खा," म्हणाल्या. "पण तोंडाला हात लावू नको. आन् रसात साखर न्हाई मिळायची."

पोरीने देठ तोडला, चीक पिळला आणि आंबा चोखायला घेतला. रस कोपरापर्यंत आला. पुळ्या होत्या तशाच होत्या, फक्त आता त्या रसाने पिवळ्या झाल्या होत्या. दुसरा आंबा जाऊबाईंनी माझ्या ताटात टाकला आणि माझ्या हनुवटीकडे रोखून बघत म्हणाल्या, "तू पण खा आता. तू काय, वयात आलेली पोर."