गोल सह्यांचा अर्ज

मानखुर्द मागे पडलं तसे एसटीत सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. शेजारचे आजोबा म्हणाले, “देवनार. आता मुंबई आलीच समज.”

चिपळूणहून मी पहिल्यांदाच मुंबईला येत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्थशास्त्राच्या सरांनी सुट्टीत एखादा कारखाना पाहून त्यावर लिहायला सांगितलं होतं, आणि माझी मावशी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, रेडिओचे सुटे भाग जोडायच्या कारखान्यात कामाला होती.

मावशीची खोली घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर. चढताना मी दोनदा थांबलो. “कोकणातला ना तू? दमलास काय रे?” मावशी कळशी घेऊन पुढे गेलीसुद्धा. वर पोचतो तोच एक विमान इतकं खालून गेलं की मी चक्क वाकलो. दारात बसलेल्या बाया खूप हसल्या.

चहा झाल्यावर मावशीने एक चुरगळलेला कागद पुढे केला. “तुझं अक्षर चांगलं आहे. हा अर्ज नीट उतरवून दे.”

अर्ज कारखान्याच्या मालकांना होता. कामाला तेवीस बायका, आणि लघवीला जायचा पितळी बिल्ला एकच. तो सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला असे. नेलेला बिल्ला परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. दुसरा बिल्ला द्यावा, एवढीच मागणी होती.

मजकूर कागदाच्या मधोमध आणि सह्या त्याच्याभोवती गोल, काही तर उलट्या. जागा पुरली नसेल, असं मला वाटलं. मी मजकूर सुवाच्य लिहिला, खाली आकडे घालून नावं उतरवली, प्रत्येकीपुढे सहीला जागा सोडली आणि जुना कागद फाडून टाकला. मावशीने माझी घडी न उघडताच पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बसने साकीनाक्यावरून अंधेरीला गेलो. ‘भाचा शिकतो’ म्हणून सुपरवायझरने आत येऊ दिलं. लांब टेबलांवर बायका माना खाली घालून तारांना कथलाचे डाग देत होत्या. शालन नावाच्या मुलीला सातवा महिना होता. मागच्याच आठवड्यात ती पाण्यावाचून चक्कर येऊन पडली होती. माझ्यादेखत तिने पेला उचलला, खिळ्याकडे पाहिलं, बिल्ला नव्हता, तेव्हा नुसते ओठ ओले करून पेला खाली ठेवला. आमच्या पुस्तकात ‘श्रम’ हा उत्पादनाचा घटक आहे. त्याला तहान लागते, असं कुठे लिहिलेलं मला आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जिन्यात बसल्या. मला भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी मिळाली. मावशीने अर्ज उघडला.

मालवणच्या मंजुळाबाईंनी तो ओढून घेतला. “झिला (पोरा), ह्या काय केलंस? माझा नाव पयला कित्याक?”

“कुणाचं तरी पहिलं येणारच ना,” मी म्हणालो.

“कॉलेजात ह्याच शिकवतत?”

मग मावशीने सांगितलं. मागे एकीने एकटीने बिल्ला मागितला होता. तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. म्हणून यांनी डब्याचं झाकण ठेवून गोल काढला आणि भोवती सह्या केल्या. गोलात पहिली कोण ते कळत नाही. मी मात्र मंजुळाबाईंना एक नंबर देऊन ठेवला होता.

मी भाकरी बाजूला ठेवली. मावशीने वहीचा कागद फाडला, मी झाकण धरून गोल काढला आणि आत मजकूर पुन्हा लिहिला. एकेकजण भोवती सही करू लागली. पण आकड्यांपुढे आपलं नाव पाहून दोघी घाबरल्या होत्या. “आमचं राहू दे गं,” असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या. गोलात दोन नावांची फट राहिली. ती माझ्यामुळे होती.

“बघतस काय? पेन दी,” मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गावसुद्धा लिहून फट भरून काढली. “माझा नाव लांबच आसा.”

सुट्टी संपताना सगळ्या मिळून टेबलाशी गेल्या. सुपरवायझरने कागद वाचला, मग फिरवला, पुन्हा फिरवला. “सुरुवात कुणी केली?”

“गोल आहे, साहेब,” मावशी म्हणाली. “कुठूनही वाचा.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याने कागद खणात टाकला आणि सगळ्यांना कामाला लावलं. पुढे काय होणार हे न कळताच मी तिसऱ्या दिवशी चेंबूरला एसटीत बसलो. कशेडी घाटात माझ्या मनात एकच होतं: मंजुळाबाईंची नोकरी राहील ना?

पंधरा दिवसांनी मावशीचं पोस्टकार्ड आलं. दुसरा बिल्ला टांगला आहे, कुणाला काढलेलं नाही, शालन पोटभर पाणी पिते. शेवटी लिहिलं होतं, ‘सही न केलेल्या दोघीपण बिल्ला नेतात. मंजुळा टोमणे मारते. मी तिला म्हटलं, त्यांना काय लघवी लागत नाही?’

हक्क म्हणजे काय, असं सरांनी वर्गात विचारलं, तेव्हा मी उभा राहून ते पोस्टकार्डच वाचून दाखवलं. ‘लघवी’ शब्दाला वर्ग हसला. सर हसले नाहीत.