रेन्स्केचा बिस्किटांचा डबा

रेन्स्केनं चूक केली असं मी म्हटलं, तर निम्मं लेवार्डन शहर माझ्या अंगावर धावून येईल. येऊ दे. बावीस वर्षं मी तिच्या समोरच्या टेबलावर बसून नर्सिंग कॉलेजची वेळापत्रकं लावली. तिच्या डब्यात काय होतं, ते मला ठाऊक होतं, आणि मीही गप्प बसले.

दर सत्राच्या शेवटी मुलं शिक्षकांबद्दल अभिप्राय लिहून द्यायची. नाव घालायचं नाही. पण अक्षरावरून शिक्षक ओळखणार, म्हणून सगळे कागद आधी ऑफिसात टाइप व्हायचे आणि मगच शिक्षकांच्या हाती जायचे. टाइप करायची रेन्स्के. आणि आमची मुलं कसली! मनात आलं की कागदावर. एका नव्या बाईंबद्दल कुणीतरी लिहिलं, ‘तोंडाला वास येतो, शिकवणंही तसलंच.’ रेन्स्केनं ते जसंच्या तसं टाइप करून दिलं. बाई रडत सायकलवर बसल्या, त्या परत आल्याच नाहीत.

तेव्हापासून बोचरं वाक्य दिसलं की रेन्स्के ते गाळायची. तो कागद तारीख घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची.

“अगं, हे तुझं काम नाही,” मी म्हणायची.

“तू तुझे तास जुळव,” ती म्हणायची. “माणसं घरी जाऊन जेवली पाहिजेत. एवढंच बघते मी.”

अशी होती ती. सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्कीट, डूकेला मात्र दोन. डूके हाडं शिकवायचा. उंच माणूस, हसला की खिडक्या हलायच्या. पहिल्याच तासाला मुलांना बजावायचा, “रोग्याच्या कागदावर दिसलं ते लिहायचं. वाटलं ते घरी जाऊन आईला सांगा.” दहापैकी आठच्या वर त्यानं जन्मात कुणाला गुण दिले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याबद्दलचा पहिला तसला कागद आला. ‘सरांनी एकाच तासात तोच किस्सा दोनदा सांगितला.’

“काय पण कुचकट कार्टी आहेत!” रेन्स्के म्हणाली आणि तो कागद डब्यात गेला. पुढच्या सत्रात तसे चार आले, त्याच्या पुढच्या सत्रात नऊ. सगळे डब्यात. डूकेच्या हातात पडायचं ते असं: छान शिकवतात, हसवतात.

गेल्या नोव्हेंबरात डूके वर्गात खांद्याचं हाड हातात धरून उभा राहिला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “याला काय म्हणतात, कुणी सांगेल का?” मुलांना वाटलं, प्रश्न विचारतायत. सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला. फक्त अठ्ठावन्न वर्षांचा होता हो!

दोन आठवड्यांनी त्याची बायको आउक्ये त्याचं सामान न्यायला ऑफिसात आली. “स्मृतिभ्रंशाचा आजार आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर विचारतायत, कधीपासून? किती वेगानं वाढतोय हे कळलं, तर पुढचं सांगता येईल म्हणतात. मी उन्हाळ्यापासून म्हटलं. तुमच्यापैकी कुणाला आधी काही जाणवलं होतं का?”

रेन्स्के पांढरीफटक पडली. आउक्ये गेल्यावर मला म्हणाली, “मी हे सांगितलं तर नोकरी जाईल.”

“जाईल,” मी म्हटलं.

“आणि डूके तोंड बघणार नाही माझं.”

“नाही बघणार. कोट घाल.”

डबा तिच्या सायकलच्या टोपलीत ठेवला आणि आम्ही दोघी समोरचा वारा खात त्याच्या घरी गेलो. रेन्स्केनं डबा टेबलावर ठेवला. “मुलं तीन वर्षं तुला सांगत होती, डूके. मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही.”

डूकेनं एकेक कागद वाचला. मग जे बोलला ते मी विसरणार नाही. “आउक्येला घेऊन आमच्या बोटीतून नॉर्वेला जायचं होतं मला. निवृत्तीनंतर. तीन वर्षांपूर्वी कळतं, तर तेव्हाच गेलो असतो. सुकाणू हातात धरून गेलो असतो, रेन्स्के.”

रेन्स्केची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं. पण त्याचं खरं होतं. आउक्ये उठून उगीचच कॉफी करून घेऊन आली.

मग डूकेनं, सवयच ती, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि कागद तारखेनं लावून तपासायला बसला. “‘सर गोंधळलेले वाटतात.’ वाटतात म्हणजे काय? पाच. ‘सरांनी मणका तीनदा उचलला आणि तीनदा न बोलता खाली ठेवला.’ हं. हे दिसलेलं आहे. आठ. आउक्ये, हे डॉक्टरांसाठी बाजूला ठेव.”

एका कागदावर तो थांबला. दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यानं तो मोठ्यानं वाचला. ‘सरांनी तासात चार वेळा माझं नाव विचारलं. तीनदा मी हसले आणि सांगितलं. चौथ्यांदा त्यांचे हात थरथरत होते, म्हणून सावकाश सांगितलं.’

डूकेनं पेन्सिल टेकवली आणि दहा लिहिले. मी डोळ्यांनी पाहिले. पूर्ण दहा.

“कोण ही मुलगी?” तो म्हणाला. “तिला कळवा माझ्याकडून.”

रेन्स्केला रडू आवरत नव्हतं. “कागदावर नावं नसतात रे, डूके. मला कसं कळणार?”

तो कागदाकडे बघत राहिला.

“मला सांगितलं होतं ना तिनं,” तो म्हणाला. “चार वेळा.”