लायटीची गाडी अन् प्रभुदासचा ब्रेक

"न्हाई म्हंजे न्हाई, ताई. त्यानं आनलेली वस्तू मी माझ्या ब्रेकाला लावनार न्हाई."

"अहो मिस्तरी, पुढं डिस्क नवी बसवताय, मग ब्रेकचा तेलाचा सिलिंडरबी तिच्याच जोडीचा नको का? रामहरीभाऊंनी नगरच्या भंगारातून एकाच गाडीवरचं सगळं काढून आणलंय."

"रामहरीनं इहिरीवरच्या मोटरी भराव्यात. ब्रेकातलं त्याला काय कळतंय? ह्यो जुना सिलिंडर मी या हातानं आत नवी स्लीव्ह, म्हंजे नळी, मारून बसवलाय. एकोनीस वर्सं झाली, थेंब गळला न्हाई. ह्यो काढू अन् त्यो भंगारातला लावू व्हय?"

विजयमालाताईंनी विषय सोडला. त्यांच्या रोपवाटिकेचा सगळा माल या पिकअपवर जायचा आणि ब्रेक दाबून ती थांबत नव्हती. मिस्तरी रुसला तर दुसरा कुठं शोधायचा?

सोनईत राहुरी रस्त्याला प्रभुदास उजागरेचं एका शटरचं दुकान आहे. वय साठीला आलेलं, अंग वाळक्या शेंगेसारखं, मिशी मात्र भरदार. पस्तीस वर्षं त्यानं ब्रेकाशिवाय दुसरं काम केलं नाही. इंजिनाचं काम कुणी आणलं तर म्हणायचा, "गाडी पळवायला गावात धा जन हायेत, थांबवायला मी एकलाच." काम झालं की चप्पल काढून उघड्या पायानं ब्रेकचा पायटा दाबून बघायचा. तळव्याला जे कळतं ते चपलेला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची दुसरी एक खोड होती. त्यानं ब्रेक केलेली गाडी कुठंही उभी दिसली, लग्नाच्या मांडवापुढं का असेना, की हा जाऊन चाकाला हात लावून बघणार, किती तापलंय ते. बाकी गडी सरळ. दारू नाही, उधारी नाही, रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर.

एकच रोग लागला होता, अन् तोही म्हातारपणी. शेजारच्या रामहरीचा.

रामहरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचा. दोघांच्या दुकानात एकच भिंत. वीस वर्षं सगळं बरं चाललं होतं, कारण सगळं जागच्या जागी होतं. रामहरी याला "मिस्तरी" म्हणायचा, हा त्याला "राम्या". चहा रामहरी सांगायचा, पहिला कप प्रभुदास उचलायचा. मग मागच्या दिवाळीत विजयमालाताईंची हीच पिकअप, सासऱ्याची सत्त्याहत्तर सालची, इंजिन धरून बसली. तिचं नाकाड जीपसारखं, मागं हौदा. ताई म्हणाल्या, भंगारात द्यायची. रामहरी म्हणाला, "मला द्या. चार महिन्यात मोटर टाकून लायटीवर पळवून दावतो."

गाव हसलं. प्रभुदास सगळ्यात जास्त हसला. आणि चार महिन्यांनी ती गाडी वांग्या-टोमॅटोची रोपं घेऊन आवाज न करता बाजारपेठेतून गेली. म्हातारी कुत्री रस्त्यातून उठेनात, कारण त्यांना ऐकूच येईना.

तिथून प्रभुदासच्या पोटात जे पेटलं ते विझंना. राहुरीकडची कॉलेजची पोरं बघायला यायची आणि रामहरीला "सर" म्हणायची. सर! सातवी नापास माणसाला! चहावाल्याची किटली आधी पलीकडं थांबू लागली. रविवारी प्रार्थना सुटल्यावर पाळकसाहेबांनी प्रभुदासला बाजूला घेतलं. त्याला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असणार. पाळकसाहेब म्हणाले, "ते रामहरी तुमच्या शेजारीच ना? एकदा ओळख करून द्या की."

पुढं जेवणावरची वासना उडाली. दुकानात त्यानं स्टुलाचं तोंड फिरवून घेतलं, रामहरी दिसायलाच नको म्हणून. चार दिवसांनी मात्र एका ट्रकचा बाजूचा आरसा खांबाला बांधला. दाढीसाठी, म्हणाला. त्या आरशात दाढी दिसत नव्हती. रामहरीचं दुकान दिसत होतं, आलेगेले मोजता येतील असं.

आणि मग देवानं त्याचं ऐकलं, असं त्याला वाटलं. बॅटरीच्या पेट्यांनी गाडी जड झालेली. इंजिन असताना उतारावर तेच गाडी धरायचं, ते आता नव्हतं. घोडेगावच्या बाजाराच्या फाटकात ताईंनी ब्रेक दाबला, दाबला, आणि गाडी हळूच जाऊन हमालाच्या हातगाडीला टेकली. लागलं कुणाला नाही, पण शिव्या मोप खाल्ल्या. ताई तशाच प्रभुदासकडं आल्या.

"शेवटी थांबवायला माझ्याच दारात आली का न्हाई?" तो मरियाला, म्हणजे बायकोला, तीनदा म्हणाला. मरिया म्हणाली, "आली. आता जेवा."

काम मनापासून काढलं त्यानं. पुढची जुनी ड्रम काढली, डिस्क बसवली, नळ्या नव्या ओढल्या. डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो म्हणून तो जोर वाढवणारा बूस्टर आला. तिथं अडलं. बूस्टरमधली हवा ओढायला इंजिन लागतं, आणि इंजिन तर नाही. रामहरीनं नारळाएवढा एक लायटीचा पंप आणून दिला. म्हणजे प्रभुदासचा ब्रेक रामहरीच्या हवेवर चालणार! दोन दिवस तो त्या पंपाकडं सवत घरात आल्यासारखा बघत होता. इलाज नव्हता, लावला. म्हणूनच मास्टर सिलिंडरावर अडून बसला. पायाचा दाब तेलातून चारी चाकांना पोचवणारं ते भांडं तरी आपलं असू दे. जुनाच घासून, नवं रबर घालून बसवला.

ब्रेक झाला फक्कड. मुळा धरणाच्या उतारावर ताईंनी गाडी सोडली आणि चुन्याच्या रेघेवर अशी उभी केली की मागच्या रोपांचं पान हललं नाही. रामहरी म्हणाला, "मिस्तरी, तोड न्हाई." आठ दिवस प्रभुदासच्या मिशीला पीळ होता.

नवव्या दिवशी गाडी ब्राह्मणी गावाजवळ बंद पडली. आधी एका चार्जात नव्वद किलोमीटर जाऊन वर थोडी बॅटरी उरायची. आता साठलाच मान टाकू लागली. ट्रॅक्टरनं ओढून आणली. ताई रामहरीवर उखडल्या. "तुमची बॅटरी एवढ्यात बसली व्हय?"

रामहरीनं पेट्या उघडल्या. तीन दिवस एकेक सेल तपासला. मान खाली, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. कॉलेजची पोरं आली, घटकाभर उभी राहिली, निघून गेली. जाताना "सर" म्हणायचं विसरली. प्रभुदासनं हे सगळं आरशात बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन रामहरीला चहा पाठवला. वर निरोप, "म्हनावं, घाबरू नको. मोटरी भरायचं काम हायेच की."

पेट्या परत बसवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ताई गाडी घेऊन घोडेगावाहून परतल्या. काटा तळाला. गाडी दोन्ही दुकानांच्या मधोमध उभी राहिली. प्रभुदास जवळ गेला आणि सवयीनं त्याचा हात पुढच्या चाकाला लागला.

तव्याला लागावा तसा लागला. हात झटकला त्यानं. करपट वास नाकात गेला. तो वास ओळखायला त्याला विचार करावा लागत नव्हता. दुसऱ्या चाकाचंही तेच.

ब्रेक धरत होता. पाय काढला तरी सुटत नव्हता. जुना सिलिंडर ड्रमसाठीचा, तो नळीत थोडा दाब धरूनच ठेवतो. ड्रमला ते लागतं, तिथं आत परत ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. डिस्कला तसलं काही नाही. दाब राहिला की लायनर डिस्कला घासत राहतात. गाडी सारा दिवस ब्रेक लावून पळत होती अन् बॅटरी त्यातच मरत होती. रामहरीची बॅटरी चोख होती. जोडीचा सिलिंडर आणला होता त्यानं, तो नाकारणारा हाच.

प्रभुदासनं बोटं बंडीला पुसली. तसाच घरी जेवायला गेला.

भाकरी मोडता येईना. मरियानं बघितलं. "काय भाजलं?"

"ताईंच्या गाडीचा सायलेन्सर."

"त्या गाडीला सायलेन्सर कुठंय?"

प्रभुदासनं ताट पुढं सरकवलं. मग सगळं सांगितलं, तोंडातल्या तोंडात.

"मग जा की, सांगा जाऊन."

"तुला काय जातंय सांगायला! ताई इंजिन परत चढवनार हायेत. जुनंच, दुरुस्त करून. आज ठरवत्यात. इंजिन चढवायला गाडी खोलली की मी गुमान सिलिंडर बदलीन. कुनाला कळतंय?"

"अन् रामहरी?"

"भरंल मोटरी."

"त्याचं नाव घेतलं की तुमच्या डोळ्यात चुलीतला धूर गेल्यासारखं व्हतंय," मरिया म्हणाली. "वीस वर्सं त्याच्या पैशानं चहा पिला तो गोड लागला."

तो उठला. हात धुतला तेव्हा फोड आलेले दिसले.

दुपारी दुकानात आला तर ताई रामहरीपुढं उभ्या. "भाऊ, तुमची मेहनत दिसतीय मला. पण माझी रोपं वाटंत सुकत्यात. मी इंजिन परत बसवते. पेट्या उतरून घ्या."

रामहरीनं मान हलवली. भांडला नाही. म्हणाला, "घेतो, ताई. बॅटरीत मला कायबी सापडलं न्हाई, एवढंच लागून राहिलं. एकदा पुढची चाकं उचलून फिरवून बघतो, मग उतरवतो."

आणि त्यानं जॅक ओढला.

प्रभुदासनं जॅककडं बघितलं. चाक उचललं की फिरणार नाही. फिरलं नाही की कळणार. पस्तीस वर्षांच्या ब्रेकवाल्याच्या कामातली खोट कोण काढणार, तर हा! मोटरी भरणारा! उद्या ती पोरं परत येणार, सर म्हणणार, वर ऐकणार की प्रभुदास मिस्तरीचा ब्रेक सरांनी दुरुस्त केला. पेट्या उतरल्या असत्या तर सोसलं असतं, हे कसं सोसावं?

"जॅक ठिव खाली!" तो असा ओरडला की चहावाला थबकला.

"मिस्तरी, नुसतं फिरवून..."

"माझ्या चाकाला हात लावायचा न्हाई! त्यात काय हाय ते तू सांगायची गरज न्हाई. ब्रेक धरतोय. माझा ब्रेक धरतोय. मी काढलाय फॉल्ट, तू न्हाई!"

रामहरी उकिडवा बसलेला तसाच वर बघू लागला. "कवा काढला?"

"सकाळी."

"मग सकाळीच का न्हाई बोल्ला?"

प्रभुदासनं जॅक त्याच्या हातून ओढून घेतला, स्वतः चाक उचललं, फिरवलं. फिरलं नाही. पाना घेऊन नळीचा नट सैल केला. तेलाची पिचकारी उडाली, अर्धी त्याच्या बंडीवर, आणि चाक मोकळं होऊन गरगरलं.

"सिलिंडर चुकला," तो ताईंना म्हणाला, रामहरीकडं न बघता. "डिस्कला ह्यो चालत न्हाई. जोडीचाच लागतोय."

"म्हंजे बॅटरी चांगली हाय?" ताईंनी विचारलं.

"चांगली हाय," प्रभुदास म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघाले ते दाढ काढल्यासारखे.

ताई म्हणाल्या, "चार दिवस या बिचाऱ्याला फाडून खाल्लं मी," आणि बाकड्यावर बसल्या. पेट्या उतरवायचं कुणी पुन्हा बोललं नाही. रामहरीनं आतून तो भंगारातला सिलिंडर आणला, धुऊन पुसून ठेवलेला, कागदात गुंडाळलेला. सूर्य मावळायच्या आत प्रभुदासनं तो बसवला.

दुसऱ्या दिवशी गाडी नव्वद गेली आणि वर बॅटरी उरली. पोरं परत आली. प्रभुदासनं कान टवकारले. आता रामहरी काय सांगतो? हसून सांगणार, गाव गोळा करणार. रामहरी म्हणाला, "फॉल्ट आमच्या मिस्तरींनी काढला. मला जन्मात सापडला नसता. त्यांनाच विचारा."

पोरं भिंतीच्या अलीकडं आली. मोबाईल पुढं धरून म्हणाली, "सर, डिस्कला तो जुना सिलिंडर का चालत नाही, सांगता का?"

सर! प्रभुदासनं सांगितलं. नीट सांगितलं, हातानं दाखवून. पोरं खूश होऊन गेली. पण घरी गेला तो धुमसतच. "बघितलंस का त्याचं? चूक माझी अन् मोठेपना बी मलाच दिऊन मोकळा झाला. ह्यातबी पुढं निगून गेला रांडंचा!"

"त्यानं तुमचं नाव घेतलं न्हाई तरी जळता, घेतलं तरी जळता," मरिया म्हणाली. "आता त्यानं करावं तरी काय?"

सकाळी दुकानापुढं कांद्याचा टेम्पो उभा होता, गोण्यांनी भरलेला. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्तरी, डावं मागचं चाक खेचतंय. बाजार गाठायचाय."

पलीकडं रामहरीकडं चहा आला होता. प्रभुदासनं तिकडं बघितलं, मग टेम्पोकडं.

"पुढच्या चाकाला दगूड लाव, चहा मागनं बघू," तो ड्रायव्हरला म्हणाला, पोतं पसरलं आणि पाना घेऊन टेम्पोखाली शिरला.